हॉलमधला कॉलम काढून स्लॅबमध्येच लपलेला बीम घेतला तर चालेल का?

नवेघर_७७: तळमजला अधिक एक असं घर आहे. हॉल 6 मीटर लांब, ड्रॉइंगमध्ये बरोबर मधोमध 230 × 300 मिमीचा कॉलम, त्यावरून हॉलच्या लांबीत बीम. बीमच्या दोन्ही बाजूंना साडेतीन-साडेतीन मीटरचे स्लॅब, आणि वर त्याच रेषेत 9 इंची भिंत. ठेकेदार म्हणतो, कॉलम काढू, स्लॅबच्या 125 मिमी जाडीतच कन्सील्ड (लपलेला) बीम टाकू, स्टील वाढवलं की झालं. खरंच होईल का?

आरसीसी_डिटेलिंग: नाही होणार. आधी वजन धरा. 125 मिमी स्लॅब, फ्लोअरिंग आणि राहणाऱ्यांचा भार मिळून चौरस मीटरला साधारण 610 किलो. बीमवर साडेतीन मीटर रुंदीचा पट्टा येतो, म्हणजे मीटरमागे 2.1 टन. 3 मीटर उंच 9 इंची भिंतीचे सुमारे 1.4 टन आणि बीमचं स्वतःचं पाव टन धरून मीटरमागे 3.8 टन. 6 मीटरवर झाले 23 टन.

कॉलम असताना यातले 62.5 टक्के, म्हणजे 14 टनांहून जास्त, तो मधला एकटाच घेतो. टोकाच्या कॉलमवर जेमतेम सव्वाचार टन येतात. मधला काढला की प्रत्येक टोकावर साडेअकरा टन. गाळा (दोन आधारांमधलं अंतर) दुप्पट झाल्यामुळे बेंडिंग मोमेंट, म्हणजे बीमला वाकवणारा जोर, चौपट होते, आणि बीमचा लोंबा (मध्ये खाली वाकणं), बीम तोच ठेवला तर, 3 मीटरच्या, दोन टोकांवर नुसत्या टेकलेल्या बीमच्या 16 पट.

नुसतं स्टील वाढवून हे भागत नाही, कारण बीमचा ताठपणा डेप्थच्या (उभ्या जाडीच्या) घनात वाढतो. 600 मिमी डेप्थचा बीम त्याच रुंदीच्या 125 मिमीच्या पट्टीपेक्षा 110 पट ताठ असतो. पट्टी मीटरभर रुंद केली तरी ती आसपासही पोचत नाही. स्लॅब लोंबेल आणि वरच्या भिंतीला तिरक्या भेगा जातील.

साइट_सुपरवायझर: वरच्या मजल्यावर तो कॉलम पुढे जातो का, हेही बघा. खालचा काढून वरचा ठेवला तर तो खाली आधार नसलेल्या बीमच्या मधोमध उभा राहील. भूकंपात असा तरंगता कॉलम फार धोकादायक.

नवेघर_७७: वर कॉलम जातोच, टेरेसच्या स्लॅबपर्यंत. फूटिंग (कॉलमखालचे पाये) सगळी भरून झाली आहेत, कॉलम प्लिंथला (जोत्याला) आलेत. आता 600 चा बीम घेऊन दोन्ही मजल्यांवरचा कॉलम काढता येईल का?

आरसीसी_डिटेलिंग: मग कॉलम राहू द्या. टोकाची फूटिंग कमी भारावर काढलेली आहेत. पहिल्या स्लॅबचे सव्वासात आणि टेरेसचे साडेचार धरले तर प्रत्येकी 12 टन जादा जातील. जमिनीची क्षमता चौरस मीटरला 20 टन असेल तर फूटिंगचं क्षेत्रफळ 0.6 चौरस मीटरने कमी पडतं. मधलं फूटिंग रिकामं राहील, टोकाची खचतील, आणि टोकाच्या कॉलमचं स्टीलही पुन्हा तपासावं लागेल.

साइट_सुपरवायझर: कॉलम ठेवला की एक गोष्ट हमखास चुकते. मधल्या कॉलमवर ताण बीमच्या वरच्या बाजूला असतो. तिथले एक्स्ट्रा टॉप बार (वरच्या जादा सळ्या) दोन्ही गाळ्यांत किमान 90 सेंमी जायला हवेत. काँक्रीट ओतताना माणसं त्यावरून चालतात, सळ्या दबून खाली जातात आणि वरून भेग येते. सळ्या रिंगांना (सळ्यांभोवतीच्या आडव्या कड्यांना) घट्ट बांधा, फळ्या टाकूनच चाला.

बीम-कॉलमच्या सांध्यात बीमच्या सळ्यांची गर्दी होते म्हणून फिटर रिंगा गाळतो. कॉलमच्या रिंगा सांध्यातही हव्यातच, त्यांच्या टोकांचे हूक 135 अंशाचे, 90 चे नकोत. गिलावा-कव्हर सुटलं की 90 चे उघडतात. कॉलमच्या सळ्यांचा लॅप (एकावर एक घेतलेला जोड) स्लॅबला लागून न घेता उंचीच्या मधल्या अर्ध्या भागात घ्या. बीमखालचे टेकू 14 दिवस हलवू नका. वरच्या स्लॅबचं सेंट्रिंग (ओतकामाचा तात्पुरता साचा आणि टेकू) याच स्लॅबवर उभं राहणार असेल तर त्याहून जास्त दिवस.