परमिट रूममधली 'आपली' संध्याकाळ: हवा टिकवायची कशी? (नागपूर)

फुटाळा_किनारा विचारतात:
सदरमधल्या एका जुन्या परमिट रूमचा मालक वरचा एसी हॉल महिन्यातल्या एका गुरुवारी गे-क्वीअर मंडळींना द्यायला तयार आहे. 35 खुर्च्या, एकच जिना, खाली नेहमीचं गिऱ्हाईक. रोजचा गे बार नागपुरात चालणार नाही हे दिसतंच आहे, पण बसायला जागा तर पाहिजे. मालक म्हणतो, 25 हजारांचा धंदा बांधून द्या. द्यावा का? कायद्याचं काय बघावं? आणि चार महिन्यांत अशा जागेची रया जाते ती कशामुळे? डीजे आणा, पोस्टर लावा हे सांगून झालंय सगळ्यांचं, ते नको.

बर्डीवाला:
हमी द्यायची नाही भाऊ. 30 जण आले तरी 25 हजार म्हणजे माणशी 830च्या वर, आणि परमिट रूमच्या दारूवर 10 टक्के व्हॅट आहेच. पावसाळ्यात 15 जण आले की फरक तुमच्या खिशातून. मालकाला सांगा, माणशी 400 रुपये आगाऊ घेऊ, ते पूर्ण बिलात वळते होतील. गुरुवारी वरचा हॉल नाहीतरी रिकामाच असतो, तो ऐकेल.

पैशातली खरी गोम वेगळी आहे. एकाने बिल भरायचं आणि बाकीच्यांनी त्याला यूपीआय करायचं, ही सवय इथे चालत नाही. पैसे टाकले की समोर बँकेतलं पूर्ण नाव दिसतं. डेटिंग ॲपवर टोपणनावाने वावरणारा पोरगा त्या एका व्यवहारात उघडा पडतो. आगाऊ रक्कम रोखीत घ्या, बाकी ज्याने-त्याने बारच्या क्यूआरवर भरावं. व्हॉट्सॲप ग्रुपचंही तेच, सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. टेलिग्रामवर नंबर लपवून ठेवता येतो.

वेळ 7ची ठेवा. मेट्रो रात्री 10च्या सुमारास बंद होते, उशिरा सुरू केलं तर हिंगणा-कामठीकडची पोरं येतच नाहीत.

काळा_कोट:
कायद्याची भीती लोक चुकीच्या जागी बाळगतात. सुप्रीम कोर्टाच्या 6 सप्टेंबर 2018च्या कलम 377वरच्या निकालानंतर प्रौढांचे संमतीचे संबंध गुन्हा नाहीत, आणि एकत्र बसून पिणं तर त्याआधीही गुन्हा नव्हता. अडकवतात ते साध्या गोष्टींत. बिअरला 21 आणि दारूला 25 वर्षं पूर्ण हवीत. पिण्याचा परवाना हवा, एक दिवसाचा 5 रुपयांत काउंटरवरच मिळतो. कॉलेजची पोरं येणार असतील तर वय जिन्याच्या खाली तपासा, टेबलावर ग्लास आल्यावर नाही. 10 नंतर आवाज बाहेर गेला आणि शेजाऱ्याने 112 लावला की पोलीस येणारच. मग फुटपाथवर घोळका दिसला तर महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम 110, सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन, लावायला सोपं पडतं. म्हणून सिगारेटला एका वेळी दोघं-तिघंच खाली.

वर्धा आणि गडचिरोली दारूबंदीचे जिल्हे. तिकडून येणाऱ्यांनी बाटली सोबत नेऊ नये, पकडले गेले तर 'कुठे होता' हा प्रश्न घरापर्यंत जातो.

ॲपवर ओळख काढून कोणी पैशासाठी धमकावलं तर ती खंडणी आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम 308. पैसे देऊ नका, चॅट पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा. पैसे गेलेच असतील तर लगेच 1930 लावा, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन.

मंद_दिवा:
हवा बिघडण्याबद्दल. आधी वरच्या ट्यूबलाइट बंद करा, टेबलांवर 9 वॅटचे पिवळे बल्ब. मात्र जिना आणि बाथरूमच्या वाटेवर लख्ख उजेड हवा. छेडछाड होते ती तिथल्याच अंधारात. चौघांचं टेबल हा दुसरा शत्रू. चौघं आले, चौघंच बोलले, गेले. तीन टेबलं जोडून एक लांब करा, आणि काउंटरजवळ बिनखुर्चीची जागा सोडा. एकटा आलेला माणूस तिथे उभा राहू शकतो, कोणाच्या टेबलाशी जाऊन विचारावं लागत नाही. एका कोपऱ्यात मोठा स्पीकर नको, चार लहान, इतपतच की ओरडावं लागू नये.

सगळ्यात महत्त्वाचे वेटर. दर वेळी तेच दोघं मागा आणि टिप ठरवून द्या. खालच्या गिऱ्हाइकाने 'वर काय चालू आहे बे?' विचारलं की 'वाढदिवस आहे' एवढंच सांगायचं, हे त्यांच्याशी आधी बोलून ठेवा.

रया जाते ती नाव झाल्यावर. मुंबईत कुलाब्याच्या व्हूडू पबची शनिवारची गे रात्र अशीच तोंडी पसरलेली होती. पुढे किट्टी सूसारख्या पंचतारांकित क्लबांत झगमगाट आला, पण तिथला ग्लास सगळ्यांना परवडत नाही. इथेही गर्दी दिसली की मालक आगाऊ रक्कम 1000 करेल, पूर्ण बाटली घेणाऱ्यांना टेबलं राखून ठेवेल, 'बघायला' येणारी जोडपी येतील. आधी नेहमीचे लोक जातात, मग बघे. भाव खालच्या हॉलइतकाच राहील हे पहिल्याच दिवशी ठरवा, आणि प्रवेश ओळखीने.

इतवारी_मेल:
ओळखीनेच प्रवेश म्हटलं की धरमपेठचे वीस जण दर महिन्याला एकमेकांनाच भेटणार. परमिट रूममध्ये दोन पुरुष शेजारी बसले तर कोणी ढुंकून पाहत नाही. तशा लोकांना जागा आजही आहेच. अडतं ते साडी नेसून येणाऱ्याचं, ट्रान्स मुलीचं, दोन बायकांचं. तिथे दारावरचा गडी आधी झडती घेतो आणि मग 'फॅमिली सेक्शन'कडे बोट दाखवतो. ओळखीऐवजी आदल्या दिवशी दहा मिनिटांचा फोन ठेवा. ओळखपत्रावर फक्त जन्मतारीख बघा, नाव वहीत उतरवू नका. ट्रान्स माणसाचं सोडून दिलेलं जुनं नाव मोठ्याने वाचलं की माणूस पुन्हा येत नाही. एक बाथरूम त्या रात्री सगळ्यांसाठी, आतून कडी चालते का ते आधी बघून घ्या. सारथी ट्रस्ट नागपुरात या मंडळींसोबत काम करतं, त्यांच्याकडून निरोप गेला तर उत्तर नागपूर, कामठीपर्यंत पोहोचेल.

मंद_दिवा:
फोनचं पटलं. पण फोन एकाने नाही, दोघांनी आलटून-पालटून घ्यावेत, नाहीतर कोण आत येणार हे एकाच्या मर्जीवर राहतं.

फुटाळा_किनारा:
चालेल. मालकाला 400वाला हिशेब आणि लांब टेबल सांगतो. जिन्यावरचा उजेड आणि कडीचं काम मात्र पहिल्या गुरुवारच्या आत त्याच्याकडूनच करून घेतो.

बर्डीवाला:
तारीख पक्की करण्याआधी ड्राय डे बघून घ्या राजेहो. निवडणूक असली तर मतदान संपायच्या आधीचे 48 तास बार बंद असतात, आगाऊ घेतलेले पैसे परत करत बसाल.