मुंबईत टीबीवर एमएस्सी प्रोजेक्ट : सहा महिने पुरतील का?

लातूरची_मायक्रो
नमस्कार मंडळी. एमएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परळच्या एका लॅबमध्ये जानेवारीपासून सहा महिन्यांसाठी तोंडी होकार मिळालाय. पेशंटच्या बेडक्यातून टीबीचे जंतू वाढवायचे आणि ते रिफाम्पिसिन, आयसोनियाझिड या टीबीच्या औषधांना दाद देतात का ते पाहायचं, असं मनात आहे. कॉलेजात ई. कोलाय आणि स्टॅफ या जंतूंवरच हात बसलाय. वेळ पुरेल ना? आई तर म्हणतेय, दुसरा जंतू नाही का मिळाला!

पेट्रीडिश_पंत
पेशंटचं सँपल म्हटलं की इथिक्स कमिटीची मंजुरी घ्यावीच लागते. तिची बैठक तुझ्या सोयीने भरत नाही. आत्ताच अर्ज टाक.

शिवडी_लोकल
मी टीबी कल्चरचंच, म्हणजे जंतू वाढवायचंच काम करते, म्हणून स्पष्ट सांगते : या विषयाला सहा महिने पुरणार नाहीत. ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो, टीबीच्या जंतूला जवळपास अख्खा दिवस लागतो. एलजे या घट्ट माध्यमाच्या हिरव्या स्लँटवर (नळीतल्या तिरप्या थरावर) सहा ते आठ आठवडे वाट पाहायची. एमजीआयटीच्या द्रव माध्यमात लवकर वाढतो, पण निगेटिव्ह म्हणायला तिथेही ४२ दिवस. औषधांची चाचणी त्यानंतर.

त्यात नळ्या खराब होतात. बेडक्यात तोंडातले इतर जंतू असतातच, म्हणून आधी सोडियम हायड्रॉक्साइड आणि एनएएलसीने (बेडका पातळ करणारं रसायन) तो धुवायचा. कमी धुतला तर नळी गढूळ, जास्त धुतला तर टीबीचाच जंतू मरतो. आणि डबीत पुष्कळदा नुसती लाळ येते! सकाळी खोल खोकून काढलेला घट्ट बेडका हवा, हे पेशंटला नीट समजावणारं माणूस लॅबला मशीनइतकंच लागतं, पण त्याचं नाव पेपरात येत नाही. असो.

लातूरची_मायक्रो
बापरे. मग टीबी सोडूनच देऊ का, ताई?

शिवडी_लोकल
अगं नाही, प्रश्न बदल. लॅबच्या फ्रीजरमध्ये साठवलेले स्ट्रेन (पेशंटकडून मिळालेले टीबीचे जंतू) किंवा त्यांचा डीएनए असेल तर त्यावर काम माग. टीबीच्या जंतूच्या आरपीओबी जनुकाचा ८१ बेस-जोड्यांचा (डीएनएच्या अक्षरांचा) एक तुकडा आहे. रिफाम्पिसिनला न जुमानणाऱ्या बहुतेक स्ट्रेनमधले बदल तिथेच सापडतात. जीनएक्स्पर्ट मशीन दोनेक तासांत निकाल देतं ते हाच तुकडा तपासून. पीसीआर (त्या तुकड्याच्या प्रती काढणं), सिक्वेन्सिंग (त्याची अक्षरं वाचणं), जुन्या कल्चर-निकालाशी ताळा, एवढं सहा महिन्यांत आरामात बसतं. साठवलेल्या सँपललाही मंजुरी लागतेच, पंतांचं म्हणणं खरंय.

आईंना सांग, आमच्याकडे नवख्यांना जिवंत कल्चरला हात लावू देत नाहीत. खोलीत हवेचा दाब कमी ठेवतात, म्हणजे हवा आत येते, बाहेर जाते ती फिल्टरमधून. डीएनए तर जंतू मारूनच काढतात.

पेट्रीडिश_पंत
परळला येतेच आहेस तर हाफकिन इन्स्टिट्यूटची जुनी इमारत बघ. पूर्वीचं गव्हर्नमेंट हाऊस. १८९९ मध्ये प्लेगची लॅब तिथे हलली. त्याआधी ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस बनवणारे हाफकिनसाहेब प्लेगचे जंतू रश्श्यात वाढवायचे, वर चक्क तुपाचे थेंब सोडून. त्या थेंबांना धरून जंतूंची वाढ खाली लोंबायची. १० जानेवारी १८९७ ला लस पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. तेव्हा कुठली इथिक्स कमिटी!

शिवडी_लोकल
पंत, तुमचं तूप राहू द्या. मुली, गाइडना आधी हे विचार : साठवलेले स्ट्रेन किती आहेत, त्यांचे औषध-चाचणीचे निकाल नोंदवलेत का, आणि सिक्वेन्सिंगचा खर्च कोण देणार. तिसरं लेखी घे.