कारागृहातील रुग्णालयात गोपनीयता आणि उपचारांचे सातत्य कसे राखावे?

प्रश्न
माझी नेमणूक नुकतीच एका मध्यवर्ती कारागृहाच्या रुग्णालयात परिचारिका म्हणून झाली आहे. तपासणीच्या वेळी रक्षक टेबलाला लागूनच उभा असतो, त्यामुळे एचआयव्हीची किंवा मानसिक आजाराची औषधे घेणारे बंदी मोकळेपणाने बोलत नाहीत. क्षयरोगाच्या रुग्णाचा सहा महिन्यांचा उपचार अर्ध्यावर असताना जामीन मंजूर होतो आणि तो गोळ्या न घेताच बाहेर पडतो. तज्ज्ञांकडे पाठवायचे ठरले तरी पोलीस पथक मिळत नाही म्हणून तारखा चुकतात. परिचारिकेला यात काय करता येईल?

उत्तर १ (निवृत्त अधिपरिचारिका)
रक्षकाला रुग्ण दिसावा, पण त्याचे बोलणे ऐकू जाऊ नये, अशी जागा ठरवून देण्याची विनंती वैद्यकीय अधिकाऱ्यांमार्फत अधीक्षकांना लेखी करावी. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या नेल्सन मंडेला नियमांत वैद्यकीय तपासणी पूर्ण गोपनीयतेने व्हावी असे म्हटले आहे आणि एचआयव्हीबाधितांच्या माहितीला २०१७ च्या कायद्याचे संरक्षण आहे. पत्रात दोन्हींचा उल्लेख करावा. माझ्या मते गोपनीयता तपासणीच्या खोलीपेक्षा औषधवाटपात अधिक फुटते. बराकीसमोर नाव पुकारून एआरटीच्या (एचआयव्हीवरील उपचाराच्या) गोळ्या दिल्या, तर साऱ्या बराकीला आजार कळतो आणि तो बंदी पुढच्या वेळी गोळ्या घ्यायलाच येत नाही. म्हणून सर्वांची औषधे एकसारख्या पाकिटांत, एकाच खिडकीवरून द्यावीत. मनुष्यबळ कितीही अपुरे असले, तरी हे वाटप दुसऱ्या बंद्यांवर सोपवू नये.

उत्तर २ (वैद्यकीय अधिकारी)
क्षयरोगाच्या बाबतीत सुटकेची तयारी उपचाराच्या पहिल्या दिवशीच करावी, कारण जामिनाची वेळ आपल्या हाती नसते. निक्षय या क्षयरुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदप्रणालीतील क्रमांक, घरचा पत्ता आणि एका नातेवाइकाचा दूरध्वनी तेव्हाच नोंदवून ठेवावा. सुटका विभागाने रुग्णालयाला कळवल्याशिवाय अशा बंद्याला सोडू नये, एवढी सूचना अधीक्षकांकडून काढून घेतली, तर काही दिवसांच्या गोळ्या आणि उपचारपत्र फाटकावर त्याच्या हाती देता येते. निक्षयवर रुग्ण त्याच्या गावाजवळच्या केंद्राकडे वर्ग करता येतो; तरीही तिथल्या कर्मचाऱ्याला मी स्वतः दूरध्वनी करतो.

उत्तर ३ (वकील)
चुकलेल्या तारखांविषयी लिहितो. १८९४ च्या कारागृह अधिनियमाच्या कलम ३८ ने घालून दिलेली पद्धत अशी, की वैद्यकीय अधिकाऱ्याने बंद्याबाबत दिलेला निर्देश त्याच्या नोंदपत्रकात लिहिला जावा आणि तो पाळला गेला की नाही, हे कारागृह अधिकाऱ्याने तारखेसह नोंदवावे. त्यामुळे ‘पथक उपलब्ध नाही’ हे कारण तोंडी ऐकून थांबू नका. वैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगून ते तेथे लिहून घ्या आणि उशिराने आजार बळावण्याचा धोका असेल, तर तोही त्यांच्याकडून स्पष्ट शब्दांत नोंदवून घ्या. वकील नेमण्याची ऐपत नसलेल्या बंद्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील तीच नोंद न्यायालयापुढे ठेवून उपचारासाठी नेण्याचा आदेश मागू शकतो.