घरात कुणाचं दुखणं मागे राहतं? (अनुभव धागा)

नागपूरच्या आपल्या लोकांसाठी हा धागा काढते आहे. बाई आणि पुरुष वेगवेगळे आजारी पडतात ते नुसत्या शरीरामुळे नाही. पैसा कुणाच्या हातात, कामाची जागा कशी, सुट्टी कुणाला, यावरही ते ठरतं. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय निघाला, पुरुषांत २५ टक्के. पाळी, बाळंतपण आहेच, पण सगळ्यांना वाढून उरेल ते खाणारी कोण, हेही आहे. तुमच्या घरचं लिहा. नावं नकोत.

इतवारीतून:
कपड्याच्या दुकानात दिवसभर उभी असते. बायकांसाठी संडास नाही. पोरं गल्लीत आडोसा पाहतात, मी पाणीच पीत नाही. मे महिन्यात पारा ४५ वर गेला तरी बाटली अर्धी भरलेलीच घरी परत जाते. पाळीच्या दिवसांत तर विचारूच नका. दर उन्हाळ्यात लघवीला जळजळ, ताप, गोळ्या. डॉक्टर म्हणतात, भरपूर पाणी प्या. दुकानात संडास हवा, हे मी कुणाला सांगू? मालकाला सांगितलं तर म्हणतो, शेजारच्या हॉटेलात जा. दवाखान्यात गेलेल्या दिवसाची रोजी कापतात ते वेगळंच.

पारडीतून:
बाबा रंगकाम करतात. झुल्यावर उन्हात लटकून भूक मारायला खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी, पन्नीत घोटलेला, दिवसभर. आता तोंडात दोन बोटंही जात नाहीत. आई वरणात भात कालवून पातळ करून देते, तिखटाचा थेंब लागला तरी डोळ्यांत पाणी येतं. 'दुखते' हा शब्द मात्र तोंडातून निघत नाही, बापमाणसानं कण्हायचं नसतं म्हणे. शासकीय दंत महाविद्यालयात मीच हात धरून नेलं. खर्रा बंद, तोंडाचे व्यायाम सुरू, आणि कॅन्सरवर लक्ष ठेवायला वेळोवेळी तपासणी.

पाचपावलीतून:
वहिनीची पाठ आणि जबडा दुखला, दरदरून घाम. घरच्यांनी गॅस समजून ओवा दिला. दुसऱ्या दिवशी ईसीजीत हार्ट अटॅक निघाला. दादाच्या छातीत चमक निघाली होती तेव्हा त्याच रात्री ऑटो आला होता. बायकांत छातीत कळ न येता नुसता दम लागणं, मळमळ असंही होतं, हे घरोघरी सांगा.

कामठी रोडवरून, आशाताई (वस्तीतली सरकारी आरोग्य स्वयंसेविका):
त्याच सर्वेक्षणात लग्न झालेल्या जोडप्यांत स्त्रीची नसबंदी सुमारे ३८ टक्के, पुरुषाची एक टक्काही नाही. पुरुषांचं ऑपरेशन सोपं, पोट उघडावं लागत नाही, माणूस त्याच दिवशी घरी. तरी सासू म्हणते, "तो कमावते ना बाई, त्याले काही झालं तं घर कसं चालन?" सून चार घरची भांडी घासते, हिमोग्लोबिन ८, पण तिची कमाई कुणी मोजत नाही. आता मी आधी नवऱ्याशीच बोलते, सासूसमोर. ताकद कमी होत नाही, पहिले तीन महिने निरोध वापरायचा, शासनाकडून मोबदला मिळतो. मागच्या महिन्यात एक ऑटोवाला तयार झाला. त्याची तारीख लागली आहे.