टॉर्क कन्व्हर्टर स्लिप होतोय की गिअरबॉक्सच गेलाय? कसं ओळखायचं? (कोल्हापूर)

नमस्कार. गाडी २०१७ ची, पेट्रोल, सहा गिअरची, टॉर्क कन्व्हर्टरवाली (इंजिन आणि गिअरबॉक्स ऑइलनं जोडणारा भाग) ऑटोमॅटिक आहे. एएमटी किंवा सीव्हीटी या दुसऱ्या प्रकारांतली नाही. ९४,००० किमी झालेत. बाबांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर त्यांना क्लच दाबणं जमेना, म्हणून ही घेतली. आजही ते स्वतः चालवत जोतिबाला जातात. त्यामुळे ही गाडी दारात उभी राहिली, की तेही घरात बसतात.

त्रास दीड महिन्यापासून आहे. तावडे हॉटेलवरून पुण्याच्या बाजूला लागलो आणि सहाव्या गिअरात ८० चा वेग धरला, की पूर्वी आरपीएमचा काटा १,७०० च्या आसपास असायचा. आता तो २,०५० वर बसतो. वेग तोच, गिअरही तोच. जरा चढ लागला की २,३०० कडे जातो, इंजिनाचा आवाज चढतो, पण ओढ काही वाढत नाही. ॲव्हरेज १५ वरून १३ वर आलंय. कणकवलीहून येताना फोंडा घाट चढून दाजीपूरजवळ आलो, तर गिअरबॉक्स तापल्याचा दिवा लागला. बाबा शेजारी बसले होते. वीस मिनिटं थांबलो तेव्हा कुठे तो विझला.

सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनरवर पी०७४१ हा कोड आला, म्हणजे कन्व्हर्टरमधला लॉक-अप क्लच नीट बसत नाही. लगेच अंदाजपत्रक हातात दिलं: गिअरबॉक्स असेंब्ली, २,८०,००० रुपये. आतलं नेमकं काय स्लिप होतंय विचारलं, तर 'आम्ही उघडत नाही, अख्खा बदलतो' एवढंच उत्तर. मी शिरोलीत फाउंड्रीत काम करतो, गाड्यांचा मेकॅनिक नाही. पण आमच्याकडे कास्टिंग रिजेक्ट झालं तरी दोष कुठं आहे ते आधी शोधतात. इथे शोधायलाच कुणी तयार नाही, याचं वाईट वाटतं.

म्हणून स्वतः थोडं तपासलं.

माझ्या समजुतीप्रमाणे कन्व्हर्टरमध्ये इंजिनाला जोडलेला पंप ऑइल फेकतो, त्या ऑइलनं टर्बाइन फिरतं आणि टर्बाइन गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट फिरवतं. मधे ऑइलच असल्यामुळे गाडी उचलताना दोघांच्या फेऱ्यांत फरक राहणारच, तो दोष नाही. पण हायवेला आतला लॉक-अप क्लच बसला, की दोन्ही जवळपास एकाच गतीनं फिरायला हवेत.

पहिली चाचणी ब्रेकची. पहाटे रस्ता मोकळा होता, मागे कुणी नव्हतं. ८० च्या स्थिर वेगात एक्सलरेटर तसाच धरून डाव्या पायानं ब्रेक पेडलला नुसता स्पर्श केला, फक्त ब्रेक लाइट लागण्यापुरता. लॉक-अप बसलेला असेल तर तो त्या क्षणी सुटतो आणि आरपीएम दोनेकशेनं उडी मारतं. माझा काटा हललाच नाही. म्हणजे लॉक-अप बसलेलाच नव्हता.

दुसरी चाचणी मित्राच्या स्कॅनरवर. त्याच वेगात इंजिन २,०४०, इनपुट शाफ्ट १,७२०, म्हणजे ३२० चा फरक. कॉम्प्युटर मात्र लॉक-अपचा हुकूम देत होता. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की इनपुट आणि आउटपुट शाफ्टचं गुणोत्तर सहाव्या गिअरच्या आकड्याशी बरोबर जुळतं. सहाही गिअरांत तेच पाहिलं. गिअर बदलताना इंजिन रेस होत नाही, झटका नाही.

ऑइल एकदाही बदललेलं नाही. रंग गडद तपकिरी आहे, थोडा जळकट वास येतो.

माझे प्रश्न असे. गिअरबॉक्सचे क्लच ठीक आहेत, असं यावरून धरता येईल का? लॉक-अप क्लचवरचं घर्षणाचं अस्तर झिजलंय की व्हॉल्व्ह बॉडीतून (ऑइलचा दाब सांभाळणारा भाग) दाब गळतोय, हे गिअरबॉक्स न उतरवता कळेल का? आणि कन्व्हर्टर कापून दुरुस्त करणारं कुणी आहे का? उद्यमनगरात लेथ आणि वेल्डिंग हवं तेवढं मिळेल, पण हे काम तेवढ्यावर भागेल असं वाटत नाही.

प्रतिसाद:

दादा, मी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचंच काम करतो. गुणोत्तर जुळतंय ना, मग सध्या तरी क्लच पॅक, म्हणजे गिअरबॉक्सच्या आतले क्लच, धरून आहेत. तुमचा फरक इंजिन आणि इनपुट शाफ्टच्या मधे आहे, म्हणजे कन्व्हर्टरमध्ये. त्यासाठी असेंब्ली बदलायची गरज दिसत नाही.

आता थंड आणि गरम असा फरक बघा. सकाळी हायवेला लागल्यावर पहिल्यांदा लॉक-अप बसतो तेव्हा तो धरतो आणि अर्ध्या तासानं सुटतो, असं असेल तर व्हॉल्व्ह बॉडीवर संशय घ्या. ऑइल गरम होऊन पातळ झालं, की झिजलेल्या जागेतून जास्त गळतं. थंड असतानाही तेवढाच घसरत असेल, तर बहुधा अस्तर. सोलेनॉइडचा (विजेवर चालणारा ऑइलचा व्हॉल्व्ह) रेझिस्टन्स मोजून घ्या आणि गिअरबॉक्सच्या तळाचा ऑइलचा पॅन उघडा. त्यातल्या चुंबकावर बारीक काळा लगदा असतोच, त्याला घाबरू नका. अस्तराचे तुकडे किंवा चमकणारे कण दिसले तर मात्र गाडी चालवू नका.

कुणी स्टॉल टेस्ट (ब्रेक दाबून गाडी जागेवर धरून एक्सलरेटर दाबायची चाचणी) करू म्हणालं तर नको म्हणा. तेव्हा लॉक-अप सुटलेलाच असतो, त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळणार नाही, आणि ऑइल आणखी तापेल.

कन्व्हर्टर कापून नवं अस्तर लावता येतं, पण परत जोडताना तो एका केंद्रात बसवून बॅलन्स करावा लागतो. नुसत्या लेथवर नका करू. आणि गिअरबॉक्सचं ऑइल थंड करणारा कूलर धुतल्याशिवाय दुरुस्त कन्व्हर्टर बसवू देऊ नका, जुना कचरा परत आत जातो.

धागाकर्ता:

भाऊ, मनापासून आभार. आज सकाळी थंड गाडी काढली. किणी टोलनाक्यापर्यंत फरक ४० च्या आत होता, नंतर हळूहळू ३०० वर गेला. म्हणजे व्हॉल्व्ह बॉडी आधी बघायची ना? रविवारी पॅन उघडतोय, चुंबकाचा फोटो इथेच टाकतो. बाबांना तोवर घाटात जाऊ नका म्हणून सांगितलंय.