मदत हवी आहे: स्पेक्युलेशनला नेमका मराठी शब्द?

मिताक्षर : स्पेक्युलेशनला मराठीत काय म्हणायचं? कोशात ‘सट्टा’ सापडतो, तो बसत नाही. ‘अंदाज’ चालेल का? मजकूर आज रात्री द्यायचाय, लवकर सांगा.

रानवारा : वाक्य द्या. त्याशिवाय काय सांगणार?

शब्दवेडी : ‘अनुमान’ लिहा, कुठेही चालतं.

चौकस : अजिबात नाही. धूर दिसला म्हणून अग्नी आहे, हे अनुमान. त्याला हेतू, म्हणजे धुरासारखी आधाराची खूण, लागते. स्पेक्युलेशनमध्ये धूरच दिसलेला नसतो. ‘अंदाज’ही नको. पावसाचा अंदाज, खर्चाचा अंदाज, यामागे आकडे असतात.

शब्दवेडी : बोलताना एवढा भेद कोण पाळतं?

चौकस : बोलताना नाही पाळत. छापील मजकुरात ‘अनुमान काढलं’ दिसलं की वाचक पुरावा शोधतो.

रानवारा : लॅटिनमध्ये ‘स्पेक्युला’ म्हणजे टेहळणीचा बुरूज. ‘इन्स्पेक्ट’ही त्याच कुळातला.

मिताक्षर : व्युत्पत्ती नको हो. वाक्य हे: ‘स्पेक्युलेशन अबाउट अ शॉर्टेज लेड टु स्पेक्युलेशन इन कॉपर.’

रानवारा : हे आधीच द्यायचं ना! दोन वेगळे अर्थ आहेत. पुढे ‘अबाउट’ किंवा ‘ॲज टु’ आलं तर तर्कवितर्क. ‘इन’ आणि मग माल किंवा शेअर आले तर सट्टा. ‘ऑन’ दोन्हीकडे येतं, तिथे संदर्भ बघा. तुमचं वाक्य: ‘टंचाई होणार अशी अटकळ बांधली जाऊ लागली आणि त्यातून तांब्यात सट्टेबाजी सुरू झाली.’

तेजीमंदी : ‘सट्टेबाजी’त दूषण आहे. मूळ लेखक दोष देत नसेल तर नुसतं ‘सट्टा’ लिहा. आणि खरेदी कोणी केली? ज्याला तांबं लागणारच आहे त्याने आज भाव बांधून घेतला तर ते हेजिंग. गरज नसताना केवळ भावफरकासाठी घेतलं तर सट्टा.

मिताक्षर : व्यापाऱ्यांनी. त्यांना तांबं लागत नाही.

तेजीमंदी : मग सट्टाच.

बिटबाइट : प्रोसेसरच्या स्पेक्युलेटिव्ह एक्झिक्युशनला मात्र सट्टा म्हणू नका. प्रोग्राम पुढे कोणत्या वाटेने जाणार हे ठरण्याआधीच प्रोसेसर पुढच्या आज्ञा चालवून ठेवतो. चुकलं तर निकाल टाकून देतो, पण कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या जवळच्या वेगवान स्मृतीत, खुणा उरतात. २०१८ साली उघड झालेली ‘स्पेक्टर’ ही सुरक्षा त्रुटी त्यातलीच. ‘आगाऊ अंमल’ बरा.

मिताक्षर : माझ्या मजकुरात प्रोसेसर नाही.

चौकस : क्रियापदं सांभाळा. अटकळ आणि कयास ‘बांधतात’, तर्क ‘लढवतात’, तर्कवितर्कांना ‘उधाण येतं’. ‘अटकळ केली’ नको. ‘मिअर स्पेक्युलेशन’ असेल तर ‘निव्वळ तर्क’.

मिताक्षर : आहे, तिसऱ्या परिच्छेदात. ‘स्पेक्युलेटर्स’ला ‘सटोडिये’ चालेल?

तेजीमंदी : चालेल. एकवचन सटोडिया.