आनुवंशिक असता तर ओसरला कसा?

‘एकाच घरात तीन-चार रुग्ण, म्हणजे आजार आनुवंशिकच’ असं काही जण म्हणतात. पॅसिफिक महासागरातल्या ग्वाम बेटावरच्या लिटिको-बोडिग या मेंदू-मज्जातंतूंच्या आजाराबाबत मला ते पटत नाही. तिथल्या मूळच्या चमोरो लोकांत कुणाचे हातपाय लुळे पडत (लिटिको), कुणाला कंपवातासारखा ताठरपणा आणि जोडीला स्मृतिभ्रंश (बोडिग). १९५०च्या दशकात तिथलं एएलएसचं (हातपाय लुळे पाडणारा मज्जातंतूंचा आजार, म्हणजेच लिटिको) प्रमाण इतर जगाच्या ५० ते १०० पट होतं. दक्षिणेकडचं उमाटाक गाव तर त्यासाठीच ओळखलं जाई.

पुढच्या तीसेक वर्षांत हे एएलएसचं प्रमाण झपाट्याने उतरलं. बोडिग सावकाश ओसरला, लक्षणं सुरू होण्याचं वयही वाढत गेलं. जनुकं काही एका पिढीत बदलत नाहीत, बदललं ते खाणं-राहणं. शिवाय बेटावर दीर्घकाळ राहिलेल्या काही फिलिपिनो लोकांनाही आजार झालाच की!

संशय मुख्यतः सायकस या ताडासारख्या दिसणाऱ्या झाडाच्या बियांच्या पिठावर आहे, जे तिथले लोक खात. बिया कित्येक दिवस पाणी बदलत भिजवायच्या, मग दळायच्या. १९६७ मध्ये त्यांत बीएमएए हे विष सापडलं, पण धुतलेल्या पिठात ते फारच थोडं उरतं. म्हणून मग बिया खाऊन अंगात विष साठवणारी वटवाघळं, ती खाणारी माणसं असा सिद्धांत आला. मला तो जरा ओढूनताणून आणलेला वाटतो.

आपल्या विदर्भातही खाल्ल्या जाणाऱ्या, अति खाल्ल्यास पाय लुळे पाडणाऱ्या लाखोळी डाळीवर काम केलेले संशोधक पीटर स्पेन्सर पुढे याच बीएमएएकडे वळले. फरक एवढाच, की लाखोळीचा पांगळेपणा काही महिन्यांत दिसतो. ग्वाम सोडून गेलेल्या काहींना मात्र आजार कित्येक दशकांनी झाला.